राजानंदची बाई

ते साल दोन हजार एकोणीस. कौसल्येच्या नवऱ्याला, अण्णासाहेबांना, जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं, जुन्या जालन्यात नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी येत नव्हतं, आणि त्याच उन्हाळ्यात कौसल्या आणि बेबीनंदा या दोघी जावा एका विमानात शेजारी शेजारी बसून अमेरिकेला गेल्या. पुढं घरात या प्रवासाची गोष्ट कितीदा तरी निघाली, आणि दर वेळी ती खिडकीपासूनच सुरू व्हायची. खिडकीची जागा कौसल्येची होती. बेबीनंदाला ढग बघायचे होते. कौसल्येनं जागा सोडली नाही आणि सबंध रस्ताभर डोळे मिटून बसली. ढग तिनंही पाहिले नाहीत.

राजानंदनं दोघींची तिकिटं मुद्दाम एकत्र काढली होती. जिनं जन्म दिला ती बेबीनंदा, धावडा गावची. जिनं सहाव्या वर्षापासून जालन्यात ठेवून घेतलं, शिकवलं, मोठं केलं, ती कौसल्या. एकीला आधी बोलावलं असतं तर दुसरी तोंडानं ‘बरं झालं’ म्हणाली असती आणि पुढं जन्मभर तिनं ते बोलून दाखवलं असतं, हे तो ओळखून होता. विमानतळावर तो दोघींच्या अगदी मधोमध वाकला. डावा हात एकीच्या पायाला, उजवा दुसरीच्या. गाडीत बसल्यावर कौसल्येच्या मनात आलं, उजवा हात बेबीच्या पायाला लागला.

“आता तीन महिने दोघींनी काही करायचं नाही,” गाडी चालवता चालवता राजानंद म्हणाला. “नुसता आराम.”

आराम करणं दोघींपैकी एकीलाही येत नव्हतं.

ओहायोतली ती वसाहत कोलंबस शहराच्या बाहेर होती. एकसारखी घरं, घरापुढं कापलेली हिरवळ, आणि दिवसभर चिडीचूप. कुणाच्या गॅरेजचं दार वर गेलेलं ऐकू आलं तरी बेबीनंदा उठून खिडकीशी जायची. “कोण आलं?”

“आपल्याकडं कोण येणार?” कौसल्या म्हणायची, आणि तीही उठून बघायची.

सकाळी हिरवळीवर पाण्याचे फवारे गोल फिरायचे. जालन्यात टँकरमागं धावलेल्या कौसल्येला ते बघवायचं नाही. बेबीनंदाचं दुःख वेगळं होतं. कोपऱ्यावरच्या घरापुढं तुतीचं मोठं झाड होतं आणि फळं पडून पायवाट जांभळी झाली होती. धावड्यात ती आणि तिचा नवरा वसंता रेशमाचे किडे पाळत. त्यांची सगळी शेती आता तुतीचीच होती. “एवढा पाला अन् खाणारा एक किडा न्हाई,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली. “वाया चाल्लं की समदं.” दुसऱ्या दिवसापासून ती चार वर्षांच्या नातीला, सांचीला, घेऊन रोज त्या झाडाखाली जायला लागली. पोरगी परत यायची ती ओठ जांभळे, फ्रॉक जांभळा, आणि ‘मायआजी, मायआजी’ करत.

कौसल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर पहिलीचा वर्ग शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. चार वर्षांची पोर कशी आपलीशी करायची हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं सांचीला बोटांवर म्हणायच्या कविता शिकवल्या, केसांच्या दोन वेण्या घालून दिल्या, कणकेचा हत्ती करून दिला. पोरगी तिच्याकडंही धावायची. पण हाक मारायची ती ‘बाई’. घरात बाप म्हणतो तेच तिनं उचललं होतं.

त्या ‘बाई’ला तीस वर्षं झाली होती. राजानंद धावड्याहून जालन्याला आला आणि कौसल्येनं त्याला आपल्याच वर्गात बसवला. पहिल्याच दिवशी तो भर वर्गातून ओरडला, “मोठ्याई, मला शू लागली!” सगळा वर्ग हसला. कौसल्येनं त्याला दाराशी नेऊन समजावलं, “शाळेत मी मोठ्याई न्हाई. शाळेत बाई. अन् बाईंना अहो-जाहो करायचं.” पोरगं गुणी. संध्याकाळी घरी आल्यावर हात-पाय धुऊन पाटावर बसलं आणि म्हणालं, “बाई, तुम्ही जेवलात का?” अण्णासाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. कौसल्याही हसली. चार दिवसांत विसरेल, तिला वाटलं.

तो विसरला नाही. दहावी झाली, इंजिनियर झाला, लग्न झालं, अमेरिका झाली, तरी बाई ती बाईच आणि तुम्ही ते तुम्हीच. आणि सुट्टीत धावड्याला गेला की बसमधून उतरताच ओरडायचा, “माय, तू कुठं हायेस गं?” ते ‘तू’ कौसल्येनं पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी, त्याला सोडायला गेलेली, ती बसमध्येच बसून राहिली होती. तिचं मूल नव्हतं. या एका गोष्टीवाचून तिचं काही अडलंही नव्हतं. पण ‘तू’ ऐकलं की आत कुठंतरी टाचणी टोचावी तसं व्हायचं, आणि हे ती अण्णासाहेबांनाही कधी बोलली नाही.

अमेरिकेत तर ते दिवसरात्र कानांवर पडत होतं. “माय, तू औषध घेतलंस?” “ए माय, तू तो रिमोट कुठं ठेवलास?” “माय, तुला काई कळत न्हाई, तू गप बस.” गप बस म्हटल्यावर बेबीनंदा काय फुलायची! आणि कौसल्येसाठी तो खुर्ची ओढून द्यायचा. “बाई, तुम्ही कॉफी घेणार का? तुम्हाला एसीचा त्रास तर होत नाही ना?” हॉटेलात वेटर विचारतो तसं.

सुनेचं, मोनालीचं, आणखीच वेगळं. ती पिंपरीत वाढलेली. ‘बाई’ म्हटलं की तिला धुण्या-भांड्याची बाई आठवायची, आणि माणसाला असं तोंडावर बाई कसं म्हणायचं, म्हणून लग्नाला आठ वर्षं झाली तरी तिनं कौसल्येला कुठलीच हाक मारली नव्हती. ‘अहो, ऐकता का’ एवढ्यावर तिनं निभावलं. बेबीनंदाला मात्र ‘आई’.

मोनालीला दिवस गेले होते. ऑक्टोबरात बाळ होणार होतं, तिच्या आईचे गुडघे धड नव्हते, आणि खरी गोष्ट तिथं होती. जुलैच्या सुरुवातीला जेवताना राजानंदनं ती काढली.

“ऑगस्टमधी दोघींची परतीची तिकिटं हाएत. एकीचं पुढं ढकलता येईल. बाळंतपण होईस्तोवर एकजण राहिलं तर बरं होईल.”

“मी राहते,” दोघी एकदमच म्हणाल्या.

 सांचीनं एकीकडून दुसरीकडं बघितलं.

“अगं बेबी, वसंता एकटा हाये तिकडं,” कौसल्या समजुतीच्या सुरात म्हणाली. “मागल्या खेपेला फोनवर काय म्हणत होता? पाला तोडायला माणूस मिळना. मला मागं कोण हाये? मी रिकामीच.”

“ते करतेत त्यांचं बराबर,” बेबीनंदा भाकरी मोडत म्हणाली. “पोराच्या लेकराला न्हाऊ घालाया आजीच लागती, अक्का.”

“मग मी कोण?”

“मी कुठं काय म्हणले?”

“आई राहिल्या तर...” मोनाली हळूच म्हणाली आणि थांबली. पण म्हणायचं ते म्हणून झालं होतं.

राजानंद पाणी प्यायला. “शनिवारी वंदना हाये, मंडळी येणार हाएत. ते होऊन जाऊ द्या. रविवारी ठरवू.”

तो शनिवार आषाढी पौर्णिमेच्या आधीचा होता. वर्षावास सुरू होणार म्हणून राजानंदनं घरी बुद्धवंदना ठेवली होती. सकाळी ओळखीची दोन-तीन बौद्ध कुटुंबं, आणि दुपारी मागच्या अंगणात ऑफिसातली आणि इतर मराठी मंडळी जेवायला. कौसल्या भल्या सकाळी न्हाऊन पांढरी साडी नेसली. निळ्या काठाची, स्टार्च केलेली, खास याच दिवसासाठी बॅगेतून घडी न मोडता आणलेली. तिच्या सासूनं छप्पन्न साली नागपूरहून आल्यावर घरात हा रिवाज घातला होता: वंदनेला पांढरंच. बेबीनंदा खाली आली ती मोनालीनं घेऊन दिलेली जांभळी साडी नेसून, गळ्यात पोत, हातात बांगड्या.

“वंदनेला जांभळं?” कौसल्या म्हणाली.

“सुनंनं हौसंनं दिलीया. न्हाई कसं म्हणू?” बेबीनंदा काठावरून हात फिरवत म्हणाली. “तुमाला दिली नव्हती का?”

दिली नव्हती. कौसल्येला तिनं स्वेटर दिला होता.

सकाळची वंदना छान झाली. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या, त्रिसरण-पंचशील कौसल्येनंच सांगितलं आणि बाकीचे मागून म्हणाले. तिचा आवाज अजून खणखणीत होता. त्या अर्ध्या तासात तिला वाटून गेलं, आता राजानंदच म्हणेल, बाईच राहतील.

दुपारी माणसं आली. अंगणात घडीच्या खुर्च्या मांडल्या, लांब टेबलावर जेवण. बेबीनंदानं गावाकडून आणलेल्या येसराच्या मसालेदार पिठाची आमटी केली होती, आणि सगळे वाटी वाटी मागून पीत होते. ‘काय आमटी आहे हो, काकू!’ बेबीनंदा टेबलाशीच उभी राहिली, ताक मागायला आलेल्यालाही आमटी वाढत. कौसल्या झाडाच्या सावलीत सांचीला वरण-भात भरवत बसली. पोरगी दोन घास खाऊन पळाली, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली, आणि तिथून सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, “बाई! शी झाली!”

कौसल्या उठली. पोरीला आत नेलं, धुतलं, चड्डी बदलली, परत आणलं. आणि पदराला हात पुसत बसली तेव्हा शेजारच्या खुर्चीवर निळ्या कुडत्यातली एक बाई येऊन बसली होती. ठाण्याची, बोलायला मोठी गोड.

“किती छान सांभाळता हो तुम्ही! आमच्याकडे असं कुणी टिकतच नाही.”

कौसल्या हसली. “पोरगी गुणाची हाये.”

“मोनाली नशीबवान. आणि स्वच्छही किती!” ती कौसल्येच्या पांढऱ्या साडीकडं बघत म्हणाली. “हल्ली आयांना असा ड्रेस घालायला सांगितलं की रुसतात. तुम्हाला इकडे मोनालीनंच आणलं का? खरं म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी मला अशीच एक बाई हवी आहे. तुमच्या गावाकडे कुणी असेल तर...”

कौसल्येला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं, आणि कान तापले. ती काही बोलणार तेवढ्यात तिची नजर टेबलाकडं गेली. बेबीनंदा हातात डाव घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते.

बेबी हसत होती.

कौसल्या उठली. सावलीतली खुर्ची उचलून तिनं अंगणाच्या मधोमध उन्हात नेऊन ठेवली आणि तिच्यावर ताठ बसली, मांडीवर हात ठेवून. शाळेत साहेब तपासणीला आले की बसायची तशी.

सांची आली. “बाई, पाणी.”

“तुझ्या आईला माग.”

“बाई, झोका दे.”

“तुझ्या मायआजीला सांग.”

पोरीला असलं बोलणं कधी ऐकायची सवय नव्हती. तिनं भोकाड पसरलं. “बाई! बाई! बाई!” सगळं अंगण बघायला लागलं. मोनाली पोटावर हात ठेवून धावत आली. “अहो, काय झालं? अहो?”

“काही न्हाई. मी पाव्हणी हाये. बसले.”

मोनालीनं राजानंदला बोलावलं. तो आला, त्यानं वाकून विचारलं, “बाई, तुम्हाला बरं वाटत नाही का? तुम्ही आत चला ना.” मग तिच्या चेहऱ्याकडं बघून तो तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला. मागून बेबीनंदाही आली, हातातल्या डावासकट. दार लागलं.

“मला परत पाठीव,” कौसल्या म्हणाली. “आजचं तिकीट काढ.”

“पण झालं काय?”

“विचार की तुझ्या मायला. तिला लई हसू आलं.”

“आलं,” बेबीनंदा म्हणाली. तिनं डाव ओट्यावर ठेवला. “आलं हसू. खोटं कामून बोलू? ती बया यांना कामवाली समजली, राजा. विचारत होती, आमच्यासाठी बी एक आणा म्हणून.”

राजानंदचा चेहरा उतरला. “अन् तू हसलीस, माय?”

“हसले! सहा वर्साचं लेकरू दिल्तं मी यांच्या वटीत. सुट्टीला यायचं तर काय? ‘माय, बाई म्हणतेत असं बसू नको. माय, बाई म्हणतेत हात साबनानं धुव. बाईंच्या घरी असं न्हाई करत.’ माझ्या घरात माझंच लेकरू मला शिकवायचं! मला कोण हसत नव्हतं का? समदं धावडं हसायचं. जन्म दिला हिनं अन् नाव त्या बाईचं. आज एकदा, एकदा यांच्यावर यळ आली, तर हसले मी. झालं?”

कौसल्येला हे नवं होतं. एवढ्या वर्षांत बेबीनं असं काही बोलून दाखवलं नव्हतं. पण राग असा की तो नव्या गोष्टी ऐकून घेत नाही.

“तुझं तरी काय गेलं गं?” ती म्हणाली. “तुला माय म्हणतो. तुला तू म्हणतो. मला काय म्हणतो? बाई! अहो बाई, तुम्ही बाई! त्या बाईचं काय चुकलं? पोरगी बाई म्हणती, बाप बाई म्हणतो, सून तर त्याच्याही वरची, हाकच मारत न्हाई. पांढरं लुगडं नेसून शी धुणारी बाई, ती बाईच की! आता बाळंतपणाला राहिले तर उरलीसुरली शंका पण मिटंल लोकांची.” ती राजानंदकडं वळली. “तूच केलंस मला बाई. तुम्ही-तुम्ही करून. परक्या माणसाला बोलावं तसं...”

“ए बाई!” राजानंद ओरडला.

ओट्यावरचा डाव खाली पडला.

“गप बस तू! एकदम गप! परकी? तू परकी हायेस मला? कोणाच्या हातचा मार खाल्ला मी? धावड्यात तर मला कोणी एक चापट न्हाई मारली कधी. अण्णा गेले तवा मी यिऊ शकलो न्हाई, तवा फोनवर कोणापाशी रडलो मी? मायपाशी रडलो का? तुझ्यापाशी रडलो! तिकीट काढ म्हणती. कुठं चाल्लीस तू? कोण हाये तुझं तिकडं? मला इचारल्याबिगर एक पाऊल टाकून बघ तू बाहेर!”

कौसल्येशी बोलतानाचं त्याचं ते शहरी बोलणं गेलं होतं. धावड्याच्या बसमधून उतरलेलं पोरगं बोलत होतं. बोलता बोलता त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं असावं, कारण तो थांबला, आणि गोंधळून नळ सुरू करून हात धुवायला लागला.

कौसल्या जागच्या जागी उभी होती. त्यानं काय काय म्हटलं यातलं अर्धं तिला कळलंच नाही. तिनं मोजायचं नाही म्हणूनही मोजलं, किती तू आले ते. तिला ओठ आवरेनात. हसावं की रडावं हेही कळेना, म्हणून तिनं वाकून खाली पडलेला डाव उचलला.

वर बघितलं तर बेबीनंदाचं तोंड पांढरं पडलेलं.  तिनं जांभळ्या साडीचा पदर खांद्यावर ओढून घेतला आणि दाराकडं बघत राहिली. तिच्या हातातून कुणी काहीतरी काढून घेतलं आहे आणि मागता येत नाही, अशी. कौसल्येनं तो चेहरा लगेच ओळखला. आरशात तो तिनं तीस वर्षं पाहिला होता.

राजानंदनं कौसल्येचं मनगट धरलं आणि तिला बाहेर नेलं. अंगणात सगळे बळंच बोलत होते. तो निळ्या कुडत्यातल्या बाईपुढं जाऊन उभा राहिला, अजून धापा टाकत.

“तुम्हाला ओळख करून द्यायची राहिली,” तो म्हणाला. “ही माझी बाई.”

“हो हो, कळलं आम्हाला!” ती बाई हसून म्हणाली. “अहो, फारच छान सांभाळतात. मी तेच म्हणत होते त्यांना.”

 बाई म्हणजे काय हे राजानंदला त्या माणसांच्या भाषेत सांगता येईना. कौसल्येनं त्याचा हात हळूच सोडवला. एका घटकेपूर्वी याच बोलण्यानं ती पेटली होती. आता तिला खदखदून हसू आलं.

“बघते की मी गावाकडं,” ती म्हणाली. “तुमच्या सासूबाईंना जेवायला काय लागतं? ज्वारीची भाकरी चालंल का? अन् स्वभाव कसा हाये? आमच्याकडच्या बाया मारक्या असतात बरं. माझ्या हातचा मार ह्यानंच खाल्लाय, अन् आता बघा केवढं घर बांधलंय.”

एक-दोघं हसले, कुणी काही न समजून. स्वयंपाकघराच्या दाराशी बेबीनंदा उभी होती. या वेळी ती हसली नाही.

रविवारी सकाळी मोनाली उठायच्या आत दोघी कोपऱ्यापर्यंत फिरायला गेल्या. तुतीची फळं संपत आली होती. बेबीनंदानं सवयीनं एक फांदी खाली ओढली, पानं चाचपली आणि सोडून दिली.

“काल तुमाला तू म्हणला त्यो,” ती फांदीकडं बघत म्हणाली.

“हां.”

“रागात म्हणला.”

“रागात का होईना.”

“मला तर रोजच म्हणतो,” बेबीनंदा म्हणाली. मग पायाखालचं एक फळ बाजूला सारत, “पण माझ्यावर असा राग कधी काढला न्हाई त्यानं.”

 कौसल्येजवळ बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण तेवढं तिला आपल्याजवळच ठेवायचं होतं.

“तू ऱ्हा बाळंतपणाला,” ती चालता चालता म्हणाली. “मी जाते ऑगस्टमधी. वसंताकडं मी बघीन, पाला तोडायला गावातल्या दैवशालाला लावून देते. तिला काम पाहिजेच.”

बेबीनंदा थबकली. “उपकार करता का माझ्यावर?”

“बिलकुल न्हाई. मला काय बाळंतपणं करायची हौस हाये? माझं काम झालं.”

“झालं म्हंजे?”

“म्हंजे झालं.”

बेबीनंदानं तिच्याकडं असं बघितलं, की राहायला मिळालं म्हणून आनंद मानावा की काही गमावलं म्हणून भांडावं, हेच तिला ठरवता येत नव्हतं. दोघी घरी आल्या. राजानंद ओट्याशी उभा होता. रात्री झोपलेला दिसत नव्हता. त्यानं खुर्ची मागं ओढली.

“बाई, तुम्ही चहा घेता ना?”

बेबीनंदानं चटकन कौसल्येकडं पाहिलं.

“घेते की,” कौसल्या म्हणाली, आणि खुर्चीवर बसली.

त्यानंतर राजानंदनं तिला पुन्हा कधी तू म्हटलं नाही. तो अजून ओहायोतच आहे, त्याच घरात; केस पांढरे झालेत. ऑक्टोबरात त्याला मुलगा झाला, त्याचं नाव सुमेध. न्हाऊ-माखू बेबीनंदानं घातलं आणि ती डिसेंबरात परत आली. मोनालीनं कौसल्येला ऑगस्टात निरोप देताना विमानतळावर एकदा ‘मोठ्या आई’ म्हणून पाहिलं. दोघींनाही ते इतकं अवघड गेलं की पुढं पुन्हा ‘अहो’च चालू झालं, पण त्या ‘अहो’त आता माया होती. निळ्या कुडत्यातल्या बाईंना सासूबाईंसाठी कुणी मिळालं नाही. नोकरी सोडून त्यांनीच सासूला सांभाळलं, आणि मग एकदा फोनवर मोनालीजवळ रडून कौसल्येची माफी मागितली म्हणतात. कौसल्येपर्यंत ती माफी पोचली तेव्हा तिला ते प्रकरण हसण्यावारीच आठवत होतं.

वसंता एकवीस सालच्या साथीत गेला. नेहमीची विमानं बंद होती, राजानंदला येता आलं नाही. कौसल्या धावड्याला गेली आणि बेबीनंदाला जालन्याला घेऊन आली. ‘चार दिवस चल’ म्हणाली होती. दैवशालाच्या घरच्यांनी ती तुतीची शेती खंडानं केली, आणि बेबीनंदा अजून जुन्या जालन्यातच आहे. पाणी भरण्यावरून, भाकरीच्या जाडीवरून, टीव्हीच्या आवाजावरून दोघींचं रोज वाजतं.

रविवारी सकाळी फोन येतो. फोन साखरेच्या डब्याला टेकवून दोघी समोर बसतात, आणि डबा कुणाच्या बाजूला सरकला यावरून आधी थोडं होतं. राजानंद विचारतो, “माय, तू बरी हायेस ना? बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?” मग सांची येते. ती आता मोठी झाली आहे, मराठी मोडकं बोलते, आणि अहो-जाहो तिला कुणी शिकवलंच नाही. तिला सगळं जग तूच.

“तू कशी आहे?” ती विचारते.

“बरी हाये गं बाळा,” दोघी एकदमच म्हणतात.

आणि फोन बंद झाल्यावर, डबा जागेवर ठेवता ठेवता, बेबीनंदा म्हणते, “मला इचारलं तिनं. माझ्याकडं बघत होती.”

“तुझ्याकडं? अगं, डबा माझ्याकडं वळला होता,” कौसल्या म्हणते.